दहा पौंडांचें घर

इंग्लंडांतील ऐतिहासिक वास्तूंचा विषय निघाला, कीं बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहतात ते राजवाडे, किल्ले आणि उंच मनोऱ्यांचीं प्रार्थनामंदिरें. हें स्वाभाविकच आहे. राजांनीं आणि धर्मसंस्थांनीं दगडांत बांधलें, म्हणून तें टिकलें. त्यांच्या पदरीं लेखक होते, म्हणून त्याचा इतिहासहि लिहिला गेला. परंतु ज्या घरांत एखादा शेतकरी राहिला, त्याचीं मुलें वाढलीं आणि म्हातारीं माणसें चुलीशेजारीं निवर्तलीं, त्या घराचा इतिहास बहुधा कोणी लिहिलेला नसतो. तो त्या घराच्या खांबांत, तुळयांत आणि धुरानें काळवंडलेल्या वाशांत असतो. आणि घर पडलें, कीं त्याबरोबर तो इतिहासहि जातो.

असें एक घर दक्षिण इंग्लंडांत, ससेक्स परगण्यांतील आल्फ्रिस्टन या खेड्यांत उभें आहे. समुद्रकिनाऱ्यापासून थोड्याच मैलांवर, खडूच्या बोडक्या टेकड्यांमधून ककमिअर नांवाची लहानशी नदी वळणें घेत जाते. तिच्या कांठीं हें गांव वसलें आहे. गांवाच्या कडेला ‘टाय’ या नांवानें ओळखलें जाणारें एक गवताळ पटांगण आहे. त्यावर चकमकीच्या दगडांनीं बांधलेलें, चौदाव्या शतकांतील सेंट अँड्र्यूचें भव्य प्रार्थनामंदिर आहे, आणि त्याच्या शेजारीं शाकारलेल्या छपराचें एक बसकें, लांबट घर दिसतें. त्याला ‘क्लर्जी हाउस’, म्हणजे पाद्र्याचें घर, असें म्हणतात. या घराचें वय सुमारें सहाशें वर्षें आहे. आणि १८९६ सालीं तें अवघ्या दहा पौंडांस विकलें गेलें. ही किंमत नांवापुरतीच होती. पाडून टाकण्यापलीकडे या घराचा दुसरा उपयोग नाहीं, असें त्याआधींच ठरून चुकलें होतें. आज तेंच घर इंग्लंडच्या कायद्यानें संरक्षिलेलें असून दूरदूरचे लोक तें पाहावयास येतात. एका पिढीनें जें मोडीत काढलें तें दुसरीनें कां जपलें, हें समजण्यासाठीं आधीं तें घर बांधलें आहे कसें, हें पाहिलें पाहिजे.

केंट आणि ससेक्स या परगण्यांत या जातीचीं घरें शेंकडोंनीं आढळतात. तेथील ‘वील्ड’ नांवाच्या अरण्यमय प्रदेशावरून त्यांना ‘वील्डन’ घरें हें नांव मिळालें. ज्या काळीं तीं बांधलीं गेलीं, तो काळ लक्षांत घेण्यासारखा आहे. १३४८-४९ सालीं इंग्लंडवर प्लेगची भयंकर सांथ कोसळली आणि लोकसंख्येचा फार मोठा भाग तिच्यांत नाहींसा झाला. जे वांचले त्यांच्या श्रमाला मोल आलें. मजुरी वाढली, ओसाड पडलेली जमीन कसावयास मिळूं लागली, आणि सरदारहि नव्हे व मजूरहि नव्हे, असा सधन शेतकऱ्यांचा एक वर्ग वर आला. या वर्गाला टिकाऊ घर बांधणें परवडूं लागलें. आल्फ्रिस्टनचें घरहि बहुधा अशाच एखाद्या शेतकऱ्यासाठीं बांधलें गेलें असावें. पाद्र्यांचें वास्तव्य तेथें मागाहून आलें आणि त्यांचें नांव घराला चिकटलें.

या घरांच्या बांधणींतील पहिली गोष्ट म्हणजे भिंती घराला उचलून धरीत नाहींत. तें काम लांकडी सांगाडा करतो. सांगाडा ओकच्या लांकडाचा असतो. ओक ओला असतांना सुताराच्या हत्याराला सहज वश होतो आणि वाळला म्हणजे लोखंडासारखा कठीण होतो. म्हणून लांकूड वाळण्याची वाट न पाहतां तें ओलेंच घडवीत असत. एका लांकडाच्या टोकाला कुसू काढावयाचा, दुसऱ्यांत त्याच्या मापाची खाच पाडावयाची, आणि दोन्ही बसवून आरपार लांकडी खुंटी ठोकावयाची, अशी ही जोडणी. खिळ्यांचा वापर जवळजवळ नाहींच. ओकमधील आम्लानें लोखंड लवकर गंजतें, हेंहि त्याचें एक कारण आहे. सगळा सांगाडा सुतार प्रथम आपल्या आवारांत जमिनीवर मांडून जुळवून पाहत, प्रत्येक सांध्यावर पटाशीनें आंकड्यांच्या खुणा कोरीत, मग तो सुटा करून गाडीवरून जागेवर नेत आणि त्या खुणांप्रमाणें पुन्हा उभा करीत. अनेक जुन्या घरांत या खुणा आजहि स्पष्ट दिसतात. ओकचें लांकूड पुढें वाळतांना आकसतें आणि पिळवटतें. या घरांच्या रेषा जरा वांकड्यातिकड्या दिसतात त्या यामुळें. तो कारागिराचा दोष नव्हे.

सांगाडा थेट जमिनीवर ठेवला तर ओलीनें कुजेल, म्हणून त्याखालीं दगडांचें बुटकें जोतें असतें. खांबांमधील मोकळ्या जागा भरण्याची रीत कोंकणांतील माणसास फारशी परकी वाटणार नाहीं. उभ्या काठ्यांमध्यें लवचीक फांद्या विणावयाच्या आणि दोन्ही बाजूंनीं माती, शेण व चिरलेलें गवत यांचा गिलावा थापावयाचा; म्हणजे कुडाचीच भिंत. त्यावर चुन्याचा हात दिला, कीं काळसर लांकूड आणि पांढरी भिंत यांचें तें प्रसिद्ध चित्र तयार होतें. ओल्या हवेंत भिंतीनें पाणी शोषावें आणि ऊन पडतांच तें बाहेर टाकावें, हा या माती-चुन्याचा गुण आहे. त्याचें महत्त्व पुढें विसाव्या शतकांत, अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा करून पाहिल्यावर, लोकांना चांगलेंच कळलें. सिमेंटनें ओल आंत कोंडली, आणि शतकानुशतकें टिकलेलें लांकूड आंतून कुजूं लागलें.

घराचा प्राण म्हणजे मधलें दालन. हें जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळें असतें. वर माळा नाहीं कीं तक्तपोशी नाहीं. जमिनीच्या मध्याजवळ उघड्या अग्निकुंडांत आग पेटलेली असे. त्या काळच्या साध्या घरांत धुराडें नव्हतें. धूर सरळ वर चढे, छपराच्या पोकळींत घुटमळे, आणि आढ्याच्या टोकांशीं ठेवलेल्या झरोक्यांतून व शाकारणींतून हळूहळू बाहेर पडे. खिडक्यांना कांच नव्हती. उभे लांकडी गज आणि रात्रीं लावावयाच्या फळ्यांच्या झडपा, एवढेंच. दालन इतकें उंच कां, याचें उत्तर या धुरांत आहे. धूर माणसांच्या डोक्यांच्या वर राहावयास हवा असेल, तर छप्पर उंच असलें पाहिजे. पाहणाऱ्यास त्या उंचीचें वैभव वाटतें; बांधणाऱ्याला ती मुख्यतः डोळ्यांच्या चुरचुरीपासून सुटका होती.

दालनाला मानाची एक बाजू आणि कामाची एक बाजू असे. कामाच्या टोकाशीं पुढचें व मागचें अशीं दोन दारें समोरासमोर असत आणि त्यांमधून आडवी वाट जाई. तिच्या पलीकडे दोन कोठ्या: एक पेयांच्या पिंपांची, दुसरी पावाची. मानाच्या टोकाशीं घरधन्याचें मेज, आणि त्याच्यामागें कुटुंबाची खाजगी खोली. दोन्ही टोकांस वर एकेक माडी. कुटुंब, नोकर आणि आलागेला यांचें जेवण, बसणें, हिशेब आणि भांडणेंसुद्धां मधल्या दालनांतच चालत. मात्र कोणी कोठें बसावयाचें हें ठरलेलें असे. देशावरील घरांत ओटीवर कोण थांबणार आणि माजघरापर्यंत कोण जाणार, हें जसें न सांगतां ठरे, तसाच हा प्रकार. घराचा नकाशा म्हणजे त्या काळच्या समाजव्यवस्थेचाच नकाशा होता.

आतां या घरांच्या दर्शनी भागाचें कोडें सुटतें. वील्डन घरासमोर उभें राहिलें, कीं दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढें आलेले दिसतात आणि मधला भाग मागें सरल्यासारखा वाटतो. आल्फ्रिस्टनच्या घरांत काळाच्या ओघांत फेरफार झाले असले, तरी त्याचा मूळ घाट हाच आहे. वरच्या मजल्याच्या कड्या खालच्या भिंतीबाहेर फूट-दीड फूट काढून त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभारण्याची तेव्हां पद्धत होती. त्या भिंतीच्या भारानें कड्या दाबल्या जाऊन जमीन कमी हालते, असें कांहीं जाणते सांगतात. शिवाय शेजाऱ्यापाजाऱ्यांत ऐट दिसते, हेंहि खरेंच. पण मधल्या दालनाला वरचा मजलाच नसल्यानें तेथें पुढें काढण्यासारखें कांहीं नाहीं. दोन टोकें पुढें, मध्य मागें. आणि या तिहींवर छप्पर मात्र एकच, सरळ वळचणीचें. त्यामुळें मध्यभागीं वळचण भिंतीपासून दूर अधांतरीं राहते. तिला आधार देण्यासाठीं दोन्ही बाजूंच्या खांबांपासून कमानीसारखे वांकडे टेकू काढले. या घराच्या दर्शनी भागाची सगळी शोभा म्हणून जी वाखाणली जाते ती हीच. आणि तिच्या मुळाशीं मजला कोठें आहे व कोठें नाहीं, एवढाच हिशेब आहे.

छपराची रचनाहि अशीच सरळ आहे. दालनाच्या मध्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक जाड, किंचित् कमानदार तुळई टाकलेली असते. तिच्यावर एक आंखूड खांब उभा करतात. त्याला तेथील सुतार मुकुटखांब म्हणतात. त्याच्या माथ्यापासून वांकडे टेकू फुटतात, आणि तो डोक्यावर एक लांब आडवें लांकूड पेलतो. समोरासमोरच्या वाशांना सांधणाऱ्या दांड्या या लांकडावर टेकतात, म्हणून वाऱ्याच्या जोरानें वासे एका बाजूला कलंडत नाहींत. दालनांत मान वर करून पाहणाऱ्यास हा खांब फांद्या पसरलेल्या झाडासारखा दिसतो.

या वाशांवर बसलेली काजळी हा संशोधकांच्या दृष्टीनें मोठा दस्तऐवज आहे. सोळाव्या शतकापासून विटांचीं धुराडीं सामान्य घरांत आलीं. धुराला वेगळी वाट मिळतांच उंच दालनाची गरज संपली. लोकांनीं त्यांत माळे घातले, खोल्या पाडल्या, दर्शनी बाजूस विटांच्या नव्या भिंती चढविल्या. अशीं अनेक घरें बाहेरून अठराव्या शतकांतील वाटतात. परंतु माळ्यावर चढून दिव्याच्या उजेडांत वासे पाहावेत, तों ते काळेकुट्ट! त्यावरून समजावें, कीं या वाशांखालीं एके काळीं उघडी आग पेटत होती आणि घर दिसतें त्याहून कित्येक पिढ्या जुनें आहे. अलीकडे त्याला दुसऱ्या शास्त्राची जोड मिळाली आहे. झाडाच्या खोडांत दरवर्षीं एक वर्तुळ वाढतें. चांगल्या पावसाच्या वर्षीं रुंद, अवर्षणाच्या वर्षीं अरुंद. तुळईतील वर्तुळांचा हा क्रम ज्ञात क्रमाशीं ताडून पाहिला, आणि सालीपर्यंतचें लांकूड शिल्लक असलें, तर तें झाड कोणत्या सालीं तोडलें हेंहि सांगतां येतें.

आल्फ्रिस्टनच्या घराचें दालन आजहि छपरापर्यंत मोकळें आहे. त्याची जमीन पाहण्यासारखी आहे. टेकड्यांतील खडू कुटून, पसरून व चोपून ती तयार केलेली असून तिला आंबट दूध पाजून घट्ट केलें आहे. दूध आणि खडू एकत्र येऊन कठीण थर बनतो व धूळ उडत नाहीं. ज्यांनीं शेणानें सारवलेली जमीन पाहिली आहे, त्यांना या युक्तीचें मर्म सांगावें लागणार नाहीं. जें गोठ्यांत आणि रानांत फुकट मिळतें त्यांतूनच घर उभें करावयाचें, हें दोन्हीकडचें शहाणपण एकच.

असें हें घर काळानुसार उतरत गेलें. पाद्री तेथून गेले, आणि घर शेतमजुरांना भाड्यानें दिलें जाऊं लागलें. सधन मालक असता तर त्यानें तें सुधारून ओळखूं न येण्यासारखें केलें असतें. गरिबीमुळें तें जुन्या रूपांत राहिलें, आणि त्याच गरिबीमुळें तें पडावयास आलें. १८८५ सालीं चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनीं तें पाडण्यास संमति दिली. त्या वेळीं तेथें एक वृद्ध भाडेकरीण राहत होती. आपले अखेरचे दिवस याच घरांत जाऊं द्यावेत, अशी तिनें विनवणी केली, आणि ती मान्य झाली. घर वांचलें तें प्रथम कोणा पंडिताच्या लेखणीनें नव्हे, तर एका म्हातारीच्या आपल्या घरावरील मायेनें. तिच्या पश्चात् गांवचे धर्मगुरु एफ्. डब्ल्यू. बेनन यांनीं हें घर राखण्याचा ध्यास घेतला आणि ठिकठिकाणीं दारें ठोठावलीं.

सरकारच्या दारीं जाऊन उपयोग नव्हता. १८८२ सालीं इंग्लंडांत प्राचीन स्मारकांचा कायदा झाला होता खरा. पण त्याची दृष्टि मुख्यतः प्रागैतिहासिक शिळावर्तुळें आणि समाधींवर होती. खेड्यांतील राहत्या घराला त्यांत जागा नव्हती. मदत आली ती दोन खाजगी संस्थांकडून. एक, विल्यम मॉरिस व त्याचे सहकारी यांनीं १८७७ सालीं स्थापिलेली जुन्या वास्तूंच्या रक्षणाची संस्था. आणि दुसरी, १८९५ सालीं नुकतीच जन्मलेली ‘नॅशनल ट्रस्ट’. तिच्या संस्थापकांत ऑक्टेव्हिया हिल ही बाई होती, जिनें लंडनच्या गरीब वस्त्यांतील घरें सुधारण्यांत आयुष्य वेंचलें. रॉबर्ट हंटर हा कायदेपंडित होता आणि हार्डविक रॉन्सले हा धर्मोपदेशक होता. या संस्थेनें विकत घेतलेली पहिली इमारत म्हणजे हें दहा पौंडांचें घर. डागडुजीला मात्र त्याच्या कित्येक पट खर्च येणार होता. त्यासाठीं लोकांकडे वर्गणी मागावी लागली.

येथें एक तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला, आणि या घराचें खरें महत्त्व त्यांत आहे. त्या काळच्या इंग्लंडांत जुन्या इमारतींचा जीर्णोद्धार करण्याची लाट होती. एखादें प्रार्थनामंदिर तेराव्या शतकांतील असेल, तर मागाहूनचें सगळें खरवडून काढून तें तेराव्या शतकांत जसें असेल अशी कल्पना होती तसें नवें करावयाचें, ही तिची रीत. मॉरिसच्या संस्थेचा कटाक्ष याविरुद्ध होता. अशा कामानें इमारत जुनी राहत नाहीं आणि धड नवीहि होत नाहीं. ती जुन्याचें सोंग होते. त्यापेक्षां रोजच्या रोज निगा ठेवावी, गळतें तेथें शाकारावें, कुजतें तेथें तेवढेंच लांकूड बदलावें, आणि नवें लांकूड नवें म्हणून दिसूं द्यावें, असें या मंडळींचें म्हणणें होतें. आल्फ्रिस्टनचें काम आल्फ्रेड पॉवेल या शिल्पज्ञाकडे आलें, तो याच विचाराचा होता. ‘जीर्णोद्धार’ आणि ‘जतन’ हे शब्द मराठींतहि पुष्कळदां एकाच अर्थानें वापरले जातात; पण पहिल्यांत वास्तूला पुन्हा तरुण करण्याची हांव असते, तर दुसऱ्यांत तिचें म्हातारपण सुखाचें करण्याची काळजी असते.

कायद्याला ही दृष्टि यावयास आणखी अर्धें शतक लागलें. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावानें जुनीं शहरें ढासळूं लागलीं, तेव्हां कोणती इमारत सांवरावयाची आणि कोणती पाडावयाची हें ठरविण्यासाठीं याद्या लागल्या. १९४४ व १९४७ सालच्या नगररचना-कायद्यांनीं अशा याद्यांना कायमचें स्थान दिलें. आज इंग्लंडांत इमारतींचे तीन वर्ग आहेत: पहिला, तारांकित दुसरा आणि दुसरा. बहुतांशीं मूळ स्वरूपांत उरलेली १७०० सालापूर्वींची इमारत सामान्यतः यादींत येतेच. यादींतील नव्वद टक्क्यांहून अधिक वास्तु दुसऱ्या वर्गांत आहेत, आणि त्यांत साध्या घरांचा भरणा मोठा आहे. आल्फ्रिस्टनचें घर तारांकित दुसऱ्या वर्गांत मोडतें.

यादींत नांव आलें म्हणजे घर संग्रहालय झालें, असें मात्र नव्हे. बहुतेक घरांत माणसें राहतात, चूल पेटते, मुलें वाढतात. पण घराच्या स्वरूपाला धक्का लावणारा बदल, मग तो आंत असो वा बाहेर, करावयाचा तर आधीं परवानगी घ्यावी लागते. ती न घेतां काम करणें हा गुन्हा आहे. डागडुजीचा खर्च बहुधा मालकाच्याच शिरावर पडतो. वारसा सर्वांचा आणि खर्च एकट्याचा, ही तक्रार तेथें वारंवार ऐकूं येते. आणि ती अगदींच निराधार आहे असें म्हणतां येत नाहीं. बृहन्मुंबईसाठीं १९९५ सालीं वारसा-नियमावली झाली, तींतहि वास्तूंच्या श्रेणी लावलेल्या आहेत. आणि तेथील जुन्या घरांचे मालक व भाडेकरीहि हाच प्रश्न विचारतात. त्याचें उत्तर नुसत्या यादीनें मिळत नाहीं. आल्फ्रिस्टनला तें मिळालें, कारण कायदा येण्याआधींच कांहीं माणसांना तें घर हवें होतें.

या घराच्या दालनांत एका लांकडी पट्टीवर ओकचें एक पान कोरलेलें आहे. ‘नॅशनल ट्रस्ट’नें पुढें ओकच्या पानांची डहाळी आपलें बोधचिन्ह म्हणून घेतली, तिची प्रेरणा या पानांत असावी, असें पुष्कळांचें मानणें आहे. तें खरें असो वा नसो, ज्या सुतारानें तें पान कोरलें त्याचें नांव कोणालाहि ठाऊक नाहीं. त्यानें बांधलें होतें एक घर. धूर वर जावा, पाऊस बाहेर राहावा आणि माणसांना ऊब मिळावी, एवढाच त्याचा हेतु होता. सहाशें वर्षांनंतर तो हेतु अजून वाचतां येतो, कारण त्या लांकडावर दुसऱ्या कोणी आपलें नांव कोरण्याचा हट्ट धरला नाहीं.